हातातलं काम

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लिहिण्याविषयी आहे. काय लिहावं हे त्यात नाही. कसं लिहावं हे आहे, आणि तेही अगदी बोटांच्या पातळीवर उतरून. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं काढावं. शाई काळीभोर असावी. पान शिशानं आखून घ्यावं. ओळीओळींतलं अंतर कुठे जवळ, कुठे लांब होऊ देऊ नये, एका ओळीतल्या मात्रा-वेलांट्या दुसऱ्या ओळीला भिडू देऊ नयेत. पहिलं अक्षर ज्या वळणाचं त्याच वळणाचं शेवटचं असावं, म्हणजे सगळा ग्रंथ एकाच टाकानं उतरवल्यासारखा वाटेल. चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे पुढेमागे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहील. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही. आणि बसण्याआधी घट्ट कागद, सुऱ्या, कातऱ्या, निरनिराळ्या देशांचे बरू अशी सगळी सामग्री जवळ असावी.

सतराव्या शतकात पोथीची नक्कल करणं हे काही प्रतिभेचं काम नव्हतं. मान मोडून करायचे ते कष्ट होते, आजच्या भाषेत डेटा एन्ट्री. तरीही समर्थ रामदास 'लवकर आटपा' म्हणत नाहीत, आणि मन शांत करण्याची युक्तीही सांगत नाहीत. ते रेघ, कागदाची कड आणि बरूचं टोक यांच्याविषयीच बोलत राहतात. मला हा समास महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. ओळीचं अंतर सांभाळणाऱ्याला चित्ताची शांती वेगळी कमवावी लागत नसावी. रेघ सांभाळता सांभाळता मन जागेवर येत असणार, आणि पान भरल्यावर ते पुन्हा एकदा न्याहाळून बघावंसंही वाटत असणार.

पुढची प्रकरणं या 'जागेवर येण्या'भोवती फिरतात. काम करताना मजा कधी येते, बहुतेक वेळा का येत नाही, आणि दिवसभर राबूनही संध्याकाळी हाताला काही लागलं नाही असं का वाटतं, हे त्यांतले प्रश्न. या विषयावर पुस्तकांचा तुटवडा नाही. कुठल्याही मोठ्या स्टेशनवरच्या स्टॉलवर त्यांची वेगळी फळी असते. त्यातली निम्मी कमी वेळात जास्त काम कसं उपसावं ते शिकवतात. उरलेली, ताण आला की डोळे मिटून श्वास कसा मोजावा ते. पहिल्यांच्या लेखी काम ही उरकायची गोष्ट आहे, दुसऱ्यांच्या लेखी सोसायची. काम प्रत्यक्ष चालू असताना माणसाचं काय होतं, याकडे दोघांचीही पाठ असते.

तिकडे तोंड करून बसलेला एक अभ्यासक म्हणजे मिहाय चिक्सेंटमिहाय. शिकागोत असताना त्यांनी नोकरदार माणसांना पेजर दिले. दिवसात केव्हाही तो वाजायचा, आणि त्या क्षणी आपण काय करतोय आणि कसं वाटतंय हे त्या माणसानं नोंदवायचं. ज्युडिथ लेफेव्हर यांच्यासह त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष चमत्कारिक आहे. कस लागतोय आणि तो आपल्याला पेलतोयही, अशा क्षणांच्या नोंदी फावल्या वेळेपेक्षा कामावर कितीतरी जास्त होत्या. आणि तरीही, 'आत्ता दुसरं काहीतरी करत असतो तर बरं झालं असतं' ही भावनासुद्धा कामावरच जास्त होती. टीव्हीसमोर लोळणारा कंटाळलेला असतो आणि तिथून उठायला तयार नसतो. टेबलाशी रमलेला मात्र घड्याळाकडे बघत असतो.

लेखकांनी याचं कारण असं दिलं की माणूस आपल्या अनुभवापेक्षा आपल्या समजुतीवर जास्त विश्वास ठेवतो. काम म्हणजे दुसऱ्याचं, लादलेलं, ही समजूत इतकी घट्ट की प्रत्यक्ष आलेली मजाही तिच्यापुढे हरते. मला हे अर्धंच पटतं. ही समजूत आकाशातून पडलेली नाही. ती घडवली गेली आहे.

घडवणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक टेलर, अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. लोखंडाचे जवळजवळ ४२ किलोंचे ठोकळे उचलून फळीवरून चढत जायचं आणि वाघिणीत टाकायचे, असं ते काम. एक माणूस दिवसाला साडेबारा टन वाहत असे. टेलरनं ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, आणि १९११ च्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग मोठ्या अभिमानानं सांगितला. हमालानं कधी उचलायचं, कधी चालायचं आणि कधी बसायचं हे शेजारी उभा असलेला माणूस सांगणार. विचार करणं हे वेगळ्या खोलीतल्या वेगळ्या माणसांचं काम. मजुरी वाढली, हे खरं. विश्रांतीही मिळाली, पण तीसुद्धा हुकमानं. आज संगणकाच्या कोपऱ्यात बसून आपण किती वेळ 'सक्रिय' होतो ते मोजणारा प्रोग्रॅम याच घड्याळाचा नातू आहे. मुंबईच्या गिरण्यांत तर आठवड्याची सुट्टी मिळवण्यासाठीच लढावं लागलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० ला रविवार मोकळा झाला. कामातल्या शांततेचा इतिहास लिहायचा झाला तर मी या तारखेला कुठल्याही ध्यानकेंद्राच्या स्थापनेच्या वरच्या रांगेत बसवीन.

आता आजच्या एका दुपारकडे जरा जवळून पाहू. एका कंपनीच्या खरेदी विभागातला तरुण कोटेशनं तपासायला बसलाय. तीन पुरवठादार, त्यांचे दर, त्यावरचा जीएसटी, वाहतूक खर्च वेगळा की धरून, हे सगळं एक्सेलमध्ये शेजारीशेजारी मांडायचंय. दुसऱ्या पुरवठादाराच्या चौथ्या ओळीवर असताना फोन थरथरतो. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस. तो केकचं चित्र टाकतो. परत येतो तर वाहतूक धरली होती की नव्हती ते आठवत नाही. वरून पुन्हा वाचायला लागतो. शेजारून प्रश्न येतो, "अरे, मार्चची फाइल कुठे ठेवलीस?" पडद्याच्या कोपऱ्यात मेलचा चौकोन उजळतो. पुढच्या आठवड्यातल्या बैठकीचा मेल. उघडतो, तारीख बघतो, बंद करतो. मग साहेबांचा मेसेज, "फोन करू का? दोनच मिनिटं." दोनाची वीस होतात. तेवढ्यात चहा येतो. चहाबरोबर कुणीतरी येतंच.

साडेपाच वाजता कोटेशन चौथ्या ओळीवरच आहे. त्यानं पाट्या टाकल्या असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण दिवसभरात एक क्षण तो रिकामा नव्हता. थकवाही खोटा नाही. फक्त तो कशाचा, हे त्याला घरी गेल्यावर सांगता येत नाही.

अशा दुपारी मोजण्याचं काम कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षं केलं. २००४ च्या सुमारास माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत असे. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलं. त्यांच्या नोंदींतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जवळजवळ निम्म्या वेळा व्यत्यय आणणारा माणूस तो स्वतःच असतो. कुणी हाक मारलेली नसते, घंटा वाजलेली नसते, हात आपला फोनकडे जातो. बाहेरून येणाऱ्या व्यत्ययांची इतकी सवय होते की ते थांबले तर आपणच त्यांची जागा भरून काढतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका अपुऱ्या कामावरून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामाला चिकटून राहतो, आणि नव्या कामाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. केकचं चित्र टाकायला लागलेले दहा सेकंद हिशेबात धरायचे तर हे चिकटलेलंही धरायला हवं.

रात्रीचं वेगळंच. अपुरी कामं मनातून जात नाहीत हे ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. त्यांच्या स्मरणशक्तीच्या प्रयोगाचे निकाल पुढे सगळ्यांना तसेच मिळाले नाहीत, पण पाठ टेकल्यावर चौथी ओळ छताला दिसू लागते हा अनुभव कुणाला नाही? यावरचा उतारा मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत सापडतो, आणि तो स्वस्त आहे. काम पुरं करावं लागत नाही. ते केव्हा आणि कुठून सुरू करायचं हे नक्की ठरवलं तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. "उद्या साडेनऊला, दुसरा पुरवठादार, चौथी ओळ, आधी वाहतुकीचं विचारणे" एवढी चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवून उठायला एक मिनिट लागतं. या पुस्तकात अशा बारीकसारीक गोष्टी बऱ्याच आहेत. त्यांची थट्टा करायचा मोह मलाही होतो, पण त्या उपयोगी पडतात.

तरी त्या पुरेशा नाहीत. का, ते सांगण्यासाठी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत जावं लागेल. तिथल्या रोखपाल बाई नोटांची थप्पी हातात घेतात, ओल्या स्पंजला बोट लावतात आणि मोजू लागतात. ओठ किंचित हलत असतात. अशा वेळी खिडकीशी कुणी "ताई, जरा पासबुक भरून द्या ना" म्हणालं तर त्या मान वर करत नाहीत. थप्पी संपते, रबर चढतं, चिठ्ठीवर आकडा पडतो, मग "हं, बोला." विचारणाऱ्याला याचा राग येत नाही. आलाच तर रांगेतलाच कुणी त्याला गप्प करतो, "अहो, मोजतायत ना त्या." नोटा मोजायचं मशीन शेजारीच आहे आणि त्या ते वापरतात, पण मशीननं आकडा दाखवल्यावर थप्पी एकदा बोटांखालून गेल्याशिवाय तिला रबर लागत नाही. संध्याकाळी रोकड जुळली की बाई ड्रॉवरला कुलूप लावतात, आणि मग शेजारणीशी रविवारच्या लग्नाविषयी अशा मोकळेपणानं बोलू लागतात की दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाची जोखीम वागवत होत्या हे खरंही वाटू नये.

बाई स्वभावानं शांत आहेत का, मला माहीत नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी खरेदी विभागातल्या तरुणाकडे नाही. त्यांच्या कामात मध्ये बोलायचं नसतं, हे सगळ्यांना मान्य आहे. आपण काही कामांना अशी परवानगी देऊन ठेवली आहे: नोटा मोजणं, इंजेक्शन देणं, पूजा सांगणं, घाटात गाडी चालवणं. यांतल्या बहुतेकांत चूक तिथल्या तिथे दिसते आणि महागात पडते. कोटेशनमधली चूकही महागात पडते, पण ती तीन महिन्यांनी ऑडिटमध्ये सापडते, म्हणून त्या तरुणाच्या खांद्यावर कुणीही केव्हाही टपली मारू शकतो. माझं या पुस्तकातलं मुख्य म्हणणं हे की कामातला निवांतपणा माणसाच्या स्वभावापेक्षा या परवानगीवर अधिक अवलंबून असतो, आणि ती परवानगी फार विषम वाटली गेली आहे.

जिथे ती आहे तिथेही नुसत्या सद्भावनेवर सोडलेली नाही. रेल्वेच्या इंजिनात सिग्नल दिसला की सहायक लोको पायलट हातानं दाखवून तो मोठ्यानं पुकारतो आणि लोको पायलट तो पुन्हा उच्चारतो. डोळ्यांना दिसलं होतंच. पण दिसलेलं हातात आणि तोंडात आणलं की ते निसटत नाही. जपानी रेल्वेत हाच प्रकार बोट रोखून, खड्या आवाजात चालतो. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात घेतलेल्या एका चाचणीत बोट दाखवून उच्चार केल्यावर साध्या कामातल्या चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. शस्त्रक्रियेच्या खोलीतही असाच एक थांबा आहे. ज्यांचे वडील विदर्भातून अमेरिकेत गेले ते सर्जन अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक यादी तयार करवली. कातडीला सुरी लागण्याआधी सगळ्यांनी हात थांबवायचे, एकमेकांना नाव आणि काम सांगायचं, रोगी कोण आणि शस्त्रक्रिया कोणती ते मोठ्यानं म्हणायचं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं दिसलं. इथे कुणी डोळे मिटून बसलेलं नाही. मिनिटा-दोन मिनिटांचा थांबा कामाच्या पोटातच शिवून टाकलेला आहे, आणि तो घ्यायला कुणाला धीर करावा लागत नाही, कारण तो सगळ्यांसाठी सक्तीचा आहे.

परवानगीच्या या वाटणीत सगळ्यात तळाला घरातली बाई येते. ती पोळ्या लाटत असो की मुलाची फी भरायचा ऑनलाइन फॉर्म भरत असो, तिला केव्हाही हाक मारता येते. पूर्वी पहाटेच्या अंधारात जात्यावर बसल्यावर तेवढा वेळ तिचा असे. त्या वेळेनं काय निर्माण केलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या संग्रहात आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मात्र इथे गहिवरून जायचं कारण नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जातं सुटल्याचं दुःख करत बसलेल्या बायका मला तरी भेटलेल्या नाहीत. खांदे भरून येणारं ते काम होतं आणि ते गेलं हे चांगलंच झालं. त्याबरोबर कुणी हाक न मारण्याची ती पहाटही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कुठली वेळ तिला मिळाली नाही, एवढंच मला नोंदवायचंय.

कामात हरवून जाण्याचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ आहे, आणि ते करताना आपण संतांना साक्षीला काढतो. अरणचा सावता माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही, विठ्ठलच त्याच्याकडे आला, ही कथा ऑफिसच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणांत हमखास येते. तेरच्या गोरोबांची मात्र येत नाही. गोरा कुंभार चिखल तुडवत होता, मुखी नाम होतं, तंद्री लागली होती, आणि रांगत आलेलं त्याचंच मूल पायाखाली आलं. भक्तिकथा म्हणून तिचा शेवट गोड होतो, मूल परत मिळतं. पण कामाची कथा म्हणून ती मला फार अस्वस्थ करते. पाय मातीत आणि मन दुसरीकडे. मग ते दुसरीकडे भले पांडुरंगाच्या चरणी असेना का. तंद्री लागणं आणि कामावर लक्ष असणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. रात्रभर कोडिंग करणारा, मुलाला बरं नाही हे तिसऱ्या दिवशी कळणारा तरुण स्वतःला सावता समजत असतो. अशा माणसांविषयी एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते लिहिताना मी त्यांच्याशी फारशी प्रेमानं वागलेली नाही.

या फरकाचा सगळ्यात स्वच्छ उलगडा मला विनोबांच्या 'गीता प्रवचने'त मिळाला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा कर्माला विकर्माची जोड लागते म्हणतात. कर्म म्हणजे बाहेरची क्रिया. विकर्म म्हणजे त्या क्रियेत आतून मनाचं सामील होणं. दोन्ही एकत्र आली की कर्माचा भार जातो, केलेलं काम केल्यासारखं वाटत नाही. हे ऐकणारे कैदी होते, हे मी विसरू शकत नाही. त्यांचं सगळं बाहेरचं वेळापत्रक सरकारच्या हातात होतं. त्यांना कुणी 'आवडीचं काम शोधा' असा सल्ला दिला असता तर ते हसले असते. पण आतली अर्धी बाजू तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यात नव्हती, आणि विनोबा बोलत होते ते तिच्याविषयी. त्यांना तो अधिकार होता, कारण सूत काढणं आणि भंगीकाम ते स्वतः वर्षानुवर्षं करत आले.

आता हीच गोष्ट मालकानं नोकराला सांगितली की तिचं काय होतं पाहा. फळाची आशा धरू नका, हे पगारवाढीच्या महिन्यात सांगायला फार सोयीचं वाक्य आहे. ध्यानाचंही असंच झालं. श्वासाकडे लक्ष देण्याची शिकवण आपल्या इथली जुनी. इगतपुरीला सत्यनारायण गोएंकांच्या धम्मगिरीत दहा-दहा दिवस मौन पाळून लोक ती घेत आले. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये ती दवाखान्यात नेली ती ज्यांचं दुखणं औषधांनी हटत नव्हतं अशा रोग्यांसाठी. तिथून ती कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूममध्ये आली तेव्हा हेतू पालटला. बुधवारी दुपारी अर्धा तास ध्यान, आणि त्याच रात्री अकराला क्लायंट कॉल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. ध्यानानं हा आकडा खाली येत नाही, तास कमी केल्यानं येतो. २०२३ मध्ये सत्तर तासांच्या आठवड्याची आणि २०२५ मध्ये नव्वद तासांची भाषा आपल्याकडच्या मोठ्या उद्योगपतींच्या तोंडून ऐकू आली. मधल्या २०२४ सालात पुण्यात नोकरी करणारी एक तरुण सनदी लेखापाल गेली, आणि तिच्या आईनं लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून आहे.

म्हणून या पुस्तकात मी दोन दोऱ्या एकदम धरल्या आहेत, आणि त्या एकमेकींना ओढतात हे वाचकाला जाणवेल. सात प्रकरणं आपलं आपण काय करता येईल याविषयी आहेत: सकाळचा पहिला तास कुणाला द्यायचा, एका वेळी टेबलावर किती उघडं ठेवायचं, फोन कुठे ठेवायचा (दुसऱ्या खोलीत, पालथा घालून उपयोग नाही), कंटाळवाण्या कामात कस कसा शोधायचा, दिवस कसा बंद करायचा. पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करण्याची जी पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून काढली, तिच्यावर दीडच पान आहे. ज्यांना ती लागू पडते त्यांना तेवढं पुरतं, आणि बाकीच्यांना दीडशे पानांनीही काही होत नाही. जी माणसं चोवीस तास दुसऱ्याच्या हाकेला बांधलेली आहेत, म्हणजे तान्ह्या मुलाची आई, आजाऱ्याजवळ बसणारी बाई, डिलिव्हरी करणारा मुलगा, त्यांना या सात प्रकरणांतलं फार थोडं वापरता येईल. ते वाचून त्यांना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटू नये म्हणून आधीच सांगते.

शेवटची तीन प्रकरणं परवानगीविषयी आहेत. बैठका कशा ठेवाव्यात, उत्तराची घाई कधी खरी आणि कधी सवयीची, 'दोनच मिनिटं' विचारण्याआधी काय बघावं, घरात कुणाचं कोणतं काम 'मोजतायत ना त्या' या दर्जाचं मानावं. ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यांनी वाचायला तिथूनच सुरुवात करावी. पहिली सात प्रकरणं मागाहून वाचली तरी चालतील, मात्र ती फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नयेत. टाकायचीच असतील तर निदान रात्री नऊनंतर नकोत.